पाय की गाडी

मोटारीच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं, आणि त्यातला बराचसा काळ लोकांच्या तक्रारी ऐकण्यात गेला. गाडीला बोलता येत नाही हे बरंच आहे. तिचा मालक बोलतो तेवढं पुरे होतं. "जरा झटका देते," एवढं सांगून माणूस किल्ली हातात ठेवतो आणि संध्याकाळी गाडी न्यायला येतो. झटका कधी देते, कुठे देते, थंड असताना की तापल्यावर, चढाला की सपाटीला, असं विचारलं की त्याला राग येतो. मिस्त्री तू की मी, असं तोंड करतो.

झटके देणारी गाडी हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात चिवट दुखणं. बंद पडलेली गाडी परवडली, ती निदान लपवाछपवी करत नाही. चालता चालता मध्येच अडखळणारी, पाय दाबला तरी ओढ न घेणारी, आणि मिस्त्रीच्या हाती आली की शहाण्यासारखी वागणारी गाडी माणसाचा जीव मेटाकुटीला आणते. अशा गाड्या मी पुष्कळ पाहिल्या. त्यातल्या एकीबद्दल लिहितो, कारण तिच्या झटक्यांवर एका म्हाताऱ्या माणसाची नोकरी आणि राहायची खोली अवलंबून होती. त्या माणसानं मला गाडी चालवायला शिकवली होती.

युद्धाची वर्षं होती. लोणावळ्याच्या बाजारापासून जरा बाजूला माझी पत्र्याची शेड होती. घाटातून दिवसभर लष्कराच्या लॉऱ्यांची रांग लागलेली असे. खासगी गाड्यांना पेट्रोल कुपनावर मिळे, आणि मिळे तेही कसलं, घासलेटचा वास मारणारं. सुटे भाग यायचे बंद झाले होते. एक गाडी जगवायची तर दुसरीचं पोट फाडायचं, असा सगळा कारभार. मी त्या दिवसांत सकाळी उठायचो तोच थकलेला. घरात कुणी काही विचारलं तरी अंगावर जायचो.

आबा खंडाळ्याच्या एका बंगल्यावर ड्रायव्हर होते. मूळचे पवनमावळातले, शेती भावाच्या ताब्यात. तरुणपणी बंगल्याच्या टांग्यावर लागले, पुढे तिथे मोटार आली तेव्हा टांग्यावरून उतरून मोटारीत बसले. मग गाड्या बदलल्या, मालकही बदलले, आबा तेच राहिले. बंगल्यामागची एक खोली त्यांना दिलेली होती. तिथे ते आणि त्यांची बायको, जिला आम्ही सगळे मावशी म्हणत असू, अशी दोघंच राहत. मला त्यांनी खंडाळ्याच्या उतारावर गाडी शिकवली. क्लच चुकला की माझ्या मांडीवर चापट बसायची. "इंजानाचं ऐक, सोत्ताचं नगं," असं म्हणायचे. एवढं एकच सांगायचे, आणि ते मला पुढे जन्मभर पुरलं.

बंगल्याचा तेव्हाचा मालक मुंबईचा कंत्राटदार होता. माणूस वाईट नव्हता, घाईत असे इतकंच. घाटाखाली खोपोलीला त्याची लाकडाची वखार होती. आठवड्यातून दोनदा तो खंडाळ्याला येई, गाडीनं घाट उतरून वखारीवर जाई आणि दुपारी पुन्हा चढून येई. कामासाठी म्हणून त्याला जादा कुपनं होती, पण पेट्रोलचा थेंब वाया गेलेला त्याला खपत नसे. गाडी निघण्यापूर्वी टाकीत काडी घालून पेट्रोल मोजायचं आणि परत आल्यावर पुन्हा मोजायचं, असा त्याचा हुकूम होता. आबा तो निमूट पाळत.

दसरा झाला आणि पुढच्याच खेपेला गाडी घाट चढताना अडखळली. एकदम ओढ गेली, मग झटका देऊन पुढे गेली, की पुन्हा ओढ गेली. एका बाजूला दरी, मागे लष्कराची लॉरी. मालकाच्या मांडीवरचे कागद खाली सांडले. आबांनी गाडी कशीबशी कडेला घेतली, थोडा वेळ उभी केली, आणि मग ती जणू काही झालंच नाही अशी चढून आली. त्यापुढच्या खेपेलाही तसंच झालं, जवळजवळ त्याच वळणावर. मालकानं रविवारी स्वतः गाडी काढून कार्ल्यापर्यंत नेऊन आणली. काही म्हणता काही झालं नाही. मग तो आबांना घेऊन माझ्या शेडमध्ये आला.

"मिस्त्री, गाडी नीट बघा," तो म्हणाला. "गाडीत खोट असेल तर काय लागेल ते करा. नसेल तर दिवाळीनंतर मला मुंबईहून दुसरा ड्रायव्हर आणावा लागेल. आबांचा पाय आता थरथरतो. मला मागं बसून समजतं."

आबा शेजारीच उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. मला मालकाचा राग आला, पण त्याचं म्हणणं तसं बिनबुडाचंही नव्हतं. दुसऱ्याच्या पायाखाली जी गाडी सरळ चालते आणि एकाच माणसाच्या पायाखाली अडखळते, तिच्याबद्दल कुणीही हेच म्हणेल.

मी कामाला लागलो. प्लग काढले, घासले, त्यांची फट बघितली. पॉइंट साफ केले. वायरी एकेक करून हातातून फिरवल्या. कार्बोरेटर खोलला, त्याचे जेट फुंकून काढले, फ्लोट पाण्यात बुडवून बघितला, पुन्हा बसवला. पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून सगळं पेट्रोल काढून कातड्यातून गाळलं. पंप खोलला, त्याचा पडदा उजेडासमोर धरला. टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी सोडवून तिच्यात फुंकलं, तर फुंकर आरपार गेली. प्रत्येक वेळी वाटे की आता सापडलं. प्रत्येक वेळी गाडी वलवणच्या धरणापर्यंत नेऊन आणी, आणि ती तक्रारीला जागाच ठेवत नसे. त्यापेक्षा लांब न्यायची सोय नव्हती. घाटात नेऊन बघतो म्हटलं तर मालक म्हणे, नुसतं बघायला जाळण्याइतकं पेट्रोल माझ्याकडे नाही.

मिस्त्रीनं गाडीत खोट सापडू नये अशी इच्छा धरायची असते, काम लवकर उरकतं. मी उलट करत होतो. काहीतरी तुटलेलं, झिजलेलं, चिकटलेलं हाती लागू दे, म्हणून देवाला विनवत होतो. एकदा पंपाचा एक वायसर जरासा कडक वाटला तर मी इतका खूश झालो की हात न धुताच आबांकडे गेलो. नवा वायसर कापून बसवला. त्या आठवड्यातही गाडी घाटात अडखळली.

बंगल्यावर गेलो की मला आबांचं निराळंच काहीतरी चाललेलं दिसे. एकदा दुपारी ते खोलीबाहेर ओट्यावर बसून उजवा पाय भिंतीला लावून दाबत होते आणि त्याच्याकडे टक लावून बघत होते. मावशी वाटीत तेल घेऊन शेजारी बसली होती.

"सकाळ-सांज चोळतीया मी," मावशी म्हणाली. "पाय चांगला हाय त्येंचा. ह्यो बघ, हाय का कुटं थरथर?"

मला नुसत्या डोळ्यांनी काही दिसलं नाही. पण आबांनी गाडीत टाचेखाली ठेवायला लाकडाची एक पाचर करून घेतली होती. टाच टेकलेली राहिली म्हणजे पाय हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. इतकी वर्षं गाडी चालवलेला माणूस पायाखाली पाचर घेऊन घाटात उतरतो, हे बघून मला कसंतरी झालं.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. "माजाच पाय का?"

"अजून कळत नाही, आबा," मी म्हणालो. तेव्हा तेच खरं होतं.

"मलाबी न्हाई कळत," ते म्हणाले आणि पाय भिंतीवरून खाली घेतला.

दिवाळी तोंडावर आली. मालकाची त्याआधीची शेवटची खेप होती. वखारीवरून तो रेल्वेनं परस्पर मुंबईला जाणार होता आणि गाडी रिकामी वर यायची होती. मी शेड बंद ठेवली आणि सरळ जाऊन म्हणालो की मी बरोबर येतो, आणि येताना गाडी मी चालवतो. मालकानं खांदे उडवले. जाताना आबांनीच गाडी उतरवली. उताराला काय, गिअरमध्ये ठेवून नुसती धरायची असते. काही झालं नाही. मालक उतरला, आम्ही दोघांनी वखारीच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली आणि दुपारी परत निघालो. मी चाकावर, आबा शेजारी, पाचर त्यांच्या हातात.

चढ लागला. मी इंजिनाचं ऐकत होतो. पहिली काही वळणं गाडी छान चढली, आणि माझं मन खट्टू होत गेलं. मग शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे पायाखालची ओढ गेली. मी पाय दाबला, काही नाही. एक झटका, गाडी पुढे गेली, पुन्हा ओढ गेली. माझा पाय तेव्हा तिशीतला होता आणि ठणठणीत होता. मला इतका आनंद झाला की मी आबांच्या मांडीवर चापट मारली.

"बघितलंत?" मी म्हणालो. "माझ्या पायाखाली. गाडीच आहे."

आबा हसले नाहीत. खाली उतरून त्यांनी मागच्या चाकाला दगड लावले. मीही उतरलो. माझ्या मनात पहिला संशय आला तो चोरीचा. आम्ही जेवत होतो तेवढ्यात वखारीवर कुणी पेट्रोल काढून घेतलं की काय, म्हणून मी काडी घेतली आणि टाकीचं झाकण फिरवलं. झाकण निघेना. जोर लावला तेव्हा सुटलं, आणि सुटताना टाकीनं एक लांब श्वास आत ओढला. पेट्रोल निम्म्याहून जास्त होतं. झाकण लावून गाडी चालू केली तर ती एकही झटका न देता पुढच्या वळणापर्यंत गेली.

मी गाडी पुन्हा थांबवली आणि झाकण हातात घेऊन बसलो. घासलेटच्या डब्याला वाणी दोन भोकं पाडतो, एकातून घासलेट यायचं आणि दुसऱ्यातून हवा जायची. एकच पाडलं तर धार गचके खाते. टाकीच्या झाकणालाही हवेसाठी एक बारीक भोक असतं. ते बुजलं होतं. झाकणावर शेंदरानं काढलेलं स्वस्तिक होतं, त्यावर धूळ बसून ते तपकिरी झालं होतं, आणि त्याच्या मधोमध भोकाच्या जागी एक टणक टिकली बसली होती.

मग सगळं उलगडलं. सपाटीला थोडं पेट्रोल लागे, तोवर टाकी कुठूनतरी थोडी हवा ओढून घेई. घाटात इंजिन पेट्रोल मागे, आणि पोकळ झालेली टाकी ते सोडत नसे. कडेला उभी केली की हळूहळू हवा जाई आणि गाडी शहाणी होई. मी शेडमध्ये रोज पहिलं काम काय करी, तर झाकण उघडून पेट्रोल मोजी. म्हणजे रोज गाडी बरी करी आणि मग तिचं दुखणं शोधत बसे. माझं मलाच हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं.

"आबा, हे झाकणावर कुणी काढलं?"

"मीच," आबा म्हणाले. "दसऱ्याला. दर साली म्होरं हळद-कुंकू लावतो, नारळ फोडतो. औंदा म्हनलं, प्येट्रोलच मिळंना झालंय, तर त्येच्याबी तोंडाची पूजा करावी. तुज्याकडनंच तर शेंदूर नेलता."

नेला होता खरा. आमच्या धंद्यात शेंदूर जवसाच्या तेलात कालवून नळ्यांच्या सांध्यांना लावतात, वाळला की दगड होतो. दसऱ्याला गाव माझ्याकडे शेंदूर मागायला येतं, मी कुणाला नाही म्हणत नाही आणि कशाला हवा तेही विचारत नाही. मी खिशातली टाचणी काढून ती टिकली टोकरली. भोक मोकळं झालं, आणि मी झाकण आबांपुढे धरून त्यांना त्यातून आभाळ दाखवलं.

"चला, बसा चाकावर," मी म्हणालो. "आता तुम्ही न्या. बघा कशी जाते."

ते जागचे हलले नाहीत.

"तूच ने," ते म्हणाले.

मला वाटलं, लाज वाटली असेल. त्यात लाजण्यासारखं काय आहे, असं मी बोलायला लागलो. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "गाडीचं घावलं. पायाचं कुटं घावलंय?"

"पायाला काही झालेलंच नाही, आबा."

"ऐक. ह्या घाटात इतकी वरसं गाडी घातली. गिअरचा एक दात चुकला तर मला हाडात कळायचं. आन आता गाडी अडली, तर मी पायाला शिव्या घालीत बसलो. पाय चुकतोय का गाडी, त्ये मला कळलं न्हाई. ज्येला त्ये कळंना, त्येनं मागं चार मानसं बसवून हितं यिऊ ने." त्यांनी उजवा पाय जरा पुढे केला. "आन आता तर खराच थरथरतोय. बघून बघून लागलाय थरथराया."

मी पायाकडे बघितलं. धोतराची कड हलत होती. वारा होता की काय कुणास ठाऊक. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त थकल्यासारखं वाटलं. इतके दिवस खपून मी जे शोधलं ते हातात होतं, आणि ज्याच्यासाठी शोधलं त्याला ते नको होतं. मी वाद घातला. घाट संपेपर्यंत घातला. आबा शेजारी बसून समोर बघत राहिले, आणि गाडी एकदाही न अडखळता खंडाळ्याला पोचली.

मालक आला तेव्हा मी त्याला झाकण दाखवलं आणि सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली, "असं होतं होय," म्हणाला. आबांना राहा म्हणाला, तेही मनापासून म्हणाला. आबांनी किल्ली त्याच्या हातात दिली. दिवाळीनंतर त्यांनी आणि मावशीनं सामान बैलगाडीत भरलं आणि दोघं भावाकडे पवनमावळात गेली. मुंबईहून नवा ड्रायव्हर आला. चांगला होता, केसांना तेल लावून भांग पाडणारा, गाडीशी नीट वागणारा. गाडी त्याच्या हाती घाट अशी चढे की पेला भरून ठेवला तरी सांडू नये.

थंडीत एकदा मालक ब्रेक दाखवायला शेडमध्ये आला. निघताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बघितलंत ना मिस्त्री, एक झटका नाही. मी तेव्हाच म्हणालो होतो, पायच होता."

मी तोंड उघडलं. झाकण, भोक, हवा, सगळं पुन्हा सांगायला हवं होतं. पण त्याची गाडी चालू होती, तो घाईत होता, आणि मला शब्द गोळा करण्याचंही त्राण नव्हतं. मी नुसता पाना पुसत राहिलो. त्या रागानं पुढे कितीतरी दिवस माझं जेवण गोड लागलं नाही.

उन्हाळा लागायच्या सुमारास बाजारच्या दिवशी आबा दिसले. बियाणं घ्यायला आले होते. वाळले होते, पण बरे दिसत होते. मावशीचं, भावाचं, विहिरीच्या पाण्याचं बोलून झालं. मग पिशवीचं तोंड बांधता बांधता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "गाडी कशी हाय?"

त्यांना काय ऐकायचं होतं ते मला कळलं, आणि काय ऐकायची भीती वाटत होती तेही कळलं.

"घाटात अजून अडखळते," मी म्हणालो.

त्यांचा हात पिशवीवर थांबला. "नव्या ड्रायव्हरच्या हाती?"

"त्याच्याच हाती. चांगला तरणा आहे, पण त्याच वळणाला ओढ जाते."

"आन झाकान?"

"झाकण साफ आहे. दुसरंच काहीतरी असणार. मला सापडत नाही."

स्वतःच्या हातानं नीट केलेली गाडी अजून बिघडलेली आहे, असं मी आयुष्यात तेवढं एकदाच कुणाला सांगितलं. आबांनी मान वर केली.

"मग पाय न्हवता माजा," ते म्हणाले.

"नव्हताच, आबा."

त्यांनी पिशवी उचलून खांद्यावर टाकली. चार पावलं गेले आणि परत आले. पूर्वी उतारावर शिकवताना बोलत तशा आवाजात म्हणाले, "कार्बोरेटर पुन्यांदा खोल. घाई करू नगंस, मंजी सापडंल."

"खोलतो," मी म्हणालो.